रिकामी गिरणी

हे मी लय दिवस कोणाले सांगितलं नाही. पोरीइले नाही, जावयाले नाही, रोज मांडीले मांडी लावून बसणाऱ्या हमीदभाईले नाही. इंदूले, म्हणजे माह्या घरवालीले, तिलेही नाही. तिले सांगायची पाळीच आली नाही, कारण तिले कान होते. कानाचं काय, ते पुढं येईन.

तुम्ही मले ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडते. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिणं चुकलं तं चुकलं. सांगायचं ते चुकवायचं नाही, एवढंच ठरवून बसलो — अन् बसल्यापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो. तहान नव्हती.

पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर आमचं गाव. गावात शिरलं की डाव्या हाताले पत्र्याचं शेड लागते. ती माही पिठाची गिरणी. पुढं ओटा, मागं एक खोली, तिच्यामागं घर. बाया दळण ठेवून घरी जातात अन् म्हातारे ओट्यावर बसतात. म्हाताऱ्याइचं दळण कधी सरत नाही. तुमच्याही गावात असा एखादा ओटा असेल — नाही का? जिथं आपल्याच पोराइची उणीदुणी काढून दिवस ढकलतात?

आमच्या ओट्यावर आम्ही तिघं पक्के. मी, पंक्चर काढणारा हमीदभाई, अन् रामकिसन — कंडक्टर होता, आता रिटायर.

"या पोट्ट्याइले काम नको, खुर्ची पायजे," रामकिसन म्हणे.

"अन् खुर्ची बी फिरती पायजे," हमीदभाई.

"अबे, खुर्चीपाशी चार्जर लावाले जागा बी पायजे!" हे माहं.

मंग हसू. सगळ्यात मोठ्यानं मी.

माह्या तोंडी एक शब्द बसला होता — रिकामा. कोणाचा पोरगा रस्त्यानं गेला की मी म्हणे, चालला रिकामा. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आला तरी म्हणे, आला रिकामा. असा एक माह्या घरातही होता. निलेश. दोन पोरीइच्या मागून उशिरा झालेला. त्याले तं मी हाकच तशी मारे. "ए रिकाम्या, इकडं ये." लोक हसत. आधी तोही हसे. पुढं त्यानं हसणं सोडलं, पण ओ देत राह्यला.

मशीनचा डिप्लोमा केला होता त्यानं, खामगावले. पास झाला तवा इंदूनं गल्लीत पेढे वाटले. मंग सुरू झालं — काय म्हणावं त्याले? पळणंच. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळे. छाती बोटभर कमी भरली. सरकारी परीक्षेले बसला. पेपर फुटला म्हणून परीक्षाच रद्द. पुन्हा बसला, तं निकाल लागेना. एका कारखान्यात लागला, कंत्राटावर. काम हातात बसलं अन् ते म्हणले, कंत्राट संपलं, या आता. बॅग घेऊन परत आला तवा ओट्यावर आम्ही बसलोच होतो.

"टिकत नाही हे पोट्टे कुठंच," रामकिसन म्हणला.

मी मान हलवली. माहा पोरगा होता, अन् मी मान हलवली.

मले सांगायले जमे अशी एकच गोष्ट होती, ती मी त्याले उठता-बसता सांगे. मी त्याच्याएवढा होतो तवा खामगावच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटापाशी सकाळीच जाऊन उभा राह्यलो. मुकादम आला, माहा दंड दाबून पाह्यला, म्हणला, चल आत. संपलं. ना फारम, ना फोटो, ना मोबाईल. जिनात कापूस ओढला, पैसा जोडला अन् गिरणी घेतली. "दंडात दम लागते बे," मी निलेशले म्हणे. "घरात बसून बोटं काय घासतं? कुठं गेटापाशी जाऊन उभा तं राह्य!"

ही गोष्ट खरी हाय. पण तिची एक बाजू मी कधी सांगत नव्हतो. तो मुकादम माहा सख्खा मावसा होता. माह्या मायनं आदल्या दिवशी त्याच्या घरी निरोप धाडला होता. दंड दाबला तो लोकाइले दिसावं म्हणून. माह्यासारख्याच दंडाचे बाकीचे पोरं तिथं उभे राहून परत गेले. त्यातल्या एकाचं तोंड मले अजून दिसते — चप्पल हातात धरून चालला होता. तो काय रिकामा होता?

तुम्ही म्हणाल, एवढंच का? नाही. हे सोपं होतं, म्हणून आधी सांगितलं.

आता त्या सकाळचं.

आमच्या घरात मोबाईलले रेंज एकाच जागी येते — गिरणीमागच्या खोलीत, खिडकीपाशी. खोली अन् गिरणी यांच्या मधात एकच भिंत. नाशिककडच्या कुठल्याशा कारखान्याचा इंटरव्यू होता, मोबाईलवर. त्याआधीची परीक्षाही मोबाईलवरच झाली होती अन् त्यात निलेश पास होता. हे मले माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आदल्या दिवशी जेवताना इंदू ताटापाशी बसली होती.

"उद्या सकायी गिरनी बंद ठेवजा. पोराचा इंटरव्यू हाय. त्याचं झालं की मंग चालवा दिवसभर."

"मोबाईलवर कोनी नोकरी देते का वं?"

"देतात म्हने आता. तुमी फक्त गप राहा."

सकाळी निलेश तयार होऊन आला. वरून इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली घरातली हाफपँट. मोबाईलमध्ये वरचंच दिसते म्हणे. मले हसू आलं अन् रागही आला — हे काय सोंग? त्यानं मोबाईल तांदळाच्या डब्याले टेकवून उभा केला, खिडकी उघडली, देवाले हात जोडले. मंग मले म्हणला, "बाबा, अर्धा तास फक्त. झालं की मीच गिरनी सुरू करून देतो." चांगल्या तोंडानं म्हणला. हेही सांगितलं पाहिजे. चांगल्या तोंडानं म्हणला.

मी ओट्यावर जाऊन बसलो.

"काहो नाना, लाईन नाही का?" रामकिसननं बंद गिरणीकडं पाह्यलं. त्याले वाटलं वीज गेली.

"लाईन हाय. पोराचा इंटरव्यू चालू हाय अंदर."

"अन् तुमी बाहीर?" त्यानं हमीदभाईले डोळा मारला. "पाह्य गा हमीद! साहेब अंदर, बाप वॉचमन!"

हमीदभाई हसला. मीही हसलो. हसलो — पण तोंड भिंतीकडं फिरवून बसलो.

मंग भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. निलेशचा, इंग्रजीतला. अडखळत होता, पण चालत होता. गाडी खड्ड्यातून चालते तसा, पण चालत होता. मले त्यातलं काही समजत नव्हतं. एकच शब्द समजला — फादर. फादर म्हणजे बाप, एवढं मले येते. अन् त्या शब्दामागून मोबाईलमधला माणूस हसला. निलेशही हसला.

पुढं लय दिवस मी माह्या मनाले हेच सांगत राह्यलो, की ते दोघं मले हसले, चौथी शिकलेल्या बापाले हसले, म्हणून माहं डोकं फिरलं. खोटं हाय ते. हसण्याचा राग नव्हता. त्याले जमून राह्यलं होतं — राग याचा होता. उद्या त्याले नोकरी लागली असती, हाफपँट घालून, तांदळाच्या डब्यापुढं बसून — तं माह्या गेटाची गोष्ट कुठं जाणार होती? माहा दंड? ओट्यावरचं माहं इतक्या वर्षाचं बोलणं?

बाप असं करते का? पोराचं चांगलं होताना पाहून बापाले भेव वाटते का? मले वाटलं.

मी उठलो. "लाईन जाईन, दळण पडलं हाय," असं म्हणलो — रामकिसनले ऐकू जाईल एवढ्या आवाजात. अन् आत गेलो.

दळण पडलेलं नव्हतं. आत एकही डबा नव्हता.

गिरणीवाल्याले पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. दाणा नसताना गिरणी फिरवायची नाही. दाणा असला की तो दोन दगडाच्या मधात राहते, दगडाले दगड लागत नाही. दाणा नसला की दगड दगडाले खाते. निलेश लहान असताना खेळता-खेळता त्यानं एकदा बटण दाबलं होतं. तवा कानाखाली मारून मीच त्याले हे शिकवलं होतं.

तेच बटण मी दाबलं. वरचं चाक फिरवून दगड अजून आवळला, आवाज मोठा व्हावा म्हणून. शेड हादरलं. भिंतीपलीकडं आधी "हॅलो सर, हॅलो" झालं, मंग ते वरडण्यासारखं झालं, मंग तो आवाज खोलीतून अंगणात पळाला. अंगणात रेंज येत नाही, हे मले माहीत होतं.

दारात इंदू आली. हात ओले होते. तिनं वरच्या टोपल्यात पाह्यलं, जिथं दाणे ओततात. मंग माह्याकडं पाह्यलं. हात पदराले पुसत गेली.

निलेशचा आवाज बंद झाला, तवा मी गिरणी बंद केली.

हे ते. लिहून झालं. वाटलं होतं हात झडन. झडला नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही, कारण खोटं एकटं राहत नाही. निलेश आत आला. शर्ट पाठीले चिकटलेला. "बाबा, अर्धाच तास म्हनलो होतो नं."

"गिऱ्हाईक आलं होतं. शांताबाईचं दळण. पोट इंटरव्यूवर भरते का?"

त्यानं फक्त मान हलवली. शांताबाईच्या घरी पुसायले गेला नाही. बाप खोटं बोलन असं त्याच्या मनातच आलं नाही. दिवसभर त्या सायबाले फोन लावत राह्यला. कोणी उचलला नाही. पुढंही काही आलं नाही. त्याइच्याकडं लाईनीत लोक कमी होते का?

अन् मी? मी ओट्यावर सांगितलं, "ततपप झालं पोट्ट्याचं. बोलताच आलं नाही. हलका माल निघाला, काय करता?" हा शब्द गावभर फिरला. जळगाव जामोदकडून एक स्थळ आलं होतं, चांगलं. त्या लोकाइनं घरी यायच्या आधी चौकशी केली, अन् गावात चौकशी करायची जागा कोणती? माहाच ओटा. रामकिसननं प्रामाणिकपणे सांगितलं की पोरगा सभावानं चांगला हाय, पण रिकामा हाय. शब्द माहाच होता. ते लोक चहा न घेता परत गेले.

आठवड्यात पिठात कचकच येऊ लागली. "नाना, भाकरीत दात वाजते तुमच्या पिठानं," शांताबाई म्हणली. निलेशनं गिरणी उघडली, वरचा दगड उचलला, त्यावर हात फिरवला.

"बाबा, इतक्यात कसा काय घासला? आताच तं टाकी लावली होती."

"दगडच हलका निघाला," मी म्हणलो.

तो छिन्नी-हातोडी घेऊन बसला. दगडाले टाकी लावणं म्हणजे घासलेल्या खाचा एक-एक करून पुन्हा पाडणं. डोळ्यात कण जातात, पाठ धरते. दिवस गेला त्याचा. मी बाजूले बिडी ओढत बसलो होतो. माही खूण तो त्याच्या हातानं पुसून राह्यला होता, अन् मी त्याले सांगत होतो, तिकडं एक खाच राह्यली.

त्याच्यानंतर त्यानं गिरणी बंद ठेवा असं कधी म्हणलं नाही.

मंग इंदू बिमार पडली. पोटाचं दुखणं, वाढत गेलेलं. निलेशनं काय नाही केलं तिचं? गाडीवर आपल्या पाठीले बांधून खामगावच्या दवाखान्यात नेई. तिची वेणी घाली. वेणी येत नव्हती त्याले. मोबाईलवर पाहून शिकला. हो — त्याच मोबाईलवर. लोक पाहायले येत अन् म्हणत, "बरं झालं बाप्पा, पोरगा रिकामा हाय." त्याइले ते वाईट म्हणायचं नव्हतं. मले मात्र तो शब्द प्रत्येक बारी माह्याच थोबाडावर पडला.

एक दिवस दुपारी तो औषध आणायले गेला होता. इंदू खाटेवर, मी खाली. कोणाचं तरी दळण चालू होतं, निलेशनं लावून दिलेलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"आयकलं का? दाना असला की कशी गुनगुनते."

मी हूं म्हणलो.

"अन् रिकामी असली की वरडते. एवढी वर्षं या भिंतीपाशी सयपाक केला म्या. मले समजत नाही का?"

मी तांब्या उचलून तिच्यासाठी पाणी ओतलं.

"त्या सायबानं त्याले पुसलं होतं, मशीन कुठं शिकला. त्यानं सांगतलं, फादरच्या गिरनीत. सायेब खूस झाला, हासला. पोरगं मले सांगत होतं मांगून." ती थांबली. दम लागला होता. "अन् नेमकी तवाच तुमी ते गिरनी सुरू केली."

मले वाटलं आता ती शिव्या देईन. दिल्या असत्या तं बरं झालं असतं. तिनं एवढंच म्हणलं, "मी नाही सांगनार त्याले. तुमीच सांगजा. माह्या तोंडून गेलं तं तो तुमच्याशी भांडन. तुमच्या तोंडून गेलं तं… पाहा काय होते ते."

मी हो म्हणलो. त्यानंतर ती गेली, मागच्या पोळ्याच्या आधी. मी सांगितलं नव्हतं. तिच्या तेराव्याले नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात नाही. माणूस गेल्यावर घर किती मोठं होते, हे मले माहीत नव्हतं. भिंतीपलीकडं भांडं वाजत नाही. गिरणी चालू असली की मले आता वाटते, कोणीतरी ऐकून राह्यलं हाय — म्हणून मी कान देऊन बसतो, अन् मंग आठवते.

एक दिवस मी सकाळी मळ्याकडून येत होतो. शाळेमागं, उकिरड्याच्या पलीकडं, निंबाच्या झाडाखाली निलेश उभा दिसला. अंगात तोच पांढरा शर्ट. गाडी स्टँडवर लावली होती, सीटवर हेल्मेट, हेल्मेटले टेकवून मोबाईल. एका हातानं डुकरं हाकलत होता, अन् तोंडानं इंग्रजी बोलत होता. अडखळत नव्हता आता. घरात खोली होती. खिडकी होती. रेंज होती. अन् माहं पोरगं उकिरड्यापाशी उभं राहून नोकरी मागत होतं, कारण बापाच्या भिंतीचा त्याले भरवसा नव्हता.

मी रस्त्यातच बसलो. कोणी विचारलं तं सांगणार होतो, काटा रुतला. कोणी विचारलं नाही. डुकरं तिकडं परत वळलेली दिसली, तवा उठून मी ढेकळं मारत त्याइले लांब नेलं. त्यानं मले पाह्यलं नाही. फार मोठं काम नव्हतं ते. तेवढंच जमलं.

त्याले नोकरी लागली. मशीन दुरुस्तीवर, पुण्याच्या पुढं, कायम होण्यासारखी. पत्र बी मोबाईलवरच आलं. त्यानं मोबाईल आधी इंदूच्या फोटोपुढं धरला, मंग माह्यापुढं.

मी तवाही बोललो नाही. त्याच्या हातात काही नसताना सांगायची माही हिंमत नव्हती, अन् हातात आल्यावर त्याची खुशी मोडायची नव्हती. पाहा, भित्र्या माणसाले कारण कसं दोन्हीकडून सापडते?

जायच्या आदल्या दिवशी तो गिरणीत शिरला. मागून मले तरास नको म्हणून पट्टा ताणून दिला, बेअरिंगले ग्रीस भरलं, पत्र्याचे नट आवळले. हात काळे झाले होते. मी ज्वारीच्या पोत्यावर बसलो होतो. वरचं टोपलं रिकामं होतं. अन् माह्या तोंडून निघालं.

"निलेश, त्या दिवशी शांताबाईचं दळण नव्हतं."

"कोन्या दिवशी?"

"तुह्या इंटरव्यूच्या. नाशिकच्या. दाणा नव्हता गिरणीत. रिकामी चालवली मी. मुद्दाम."

त्यानं पाना खाली ठेवला. हळूच ठेवला, आवाज न करता. बराच वेळ ग्रीसचा हात चिंधीले पुसत राह्यला. ग्रीस निघून गेलं होतं तरी पुसत राह्यला.

"किती वेळ?"

"तुहा आवाज बंद होईपर्यंत."

बाहेर एक फटफटी गेली. तो दगडाकडं पाहत होता. मंग म्हणला, "म्हनजे दगड हलका नव्हता."

"नव्हता," मी म्हणलो.

तो बाहेर गेला. त्या संध्याकाळी माह्यासंगं जेवला नाही. सकाळी बॅग खांद्याले लावली, मायच्या फोटोले हात जोडले, अन् माह्याकडं न पाहता म्हणला, "येतो." जातो नाही म्हणला. मी तेवढं धरून ठेवलं — खोटं कशाले बोलू?

त्याच दिवशी मी ओट्यावर सांगितलं. रामकिसन आधी हसला. त्याले वाटलं काही गंमत हाय. मंग त्याचं हसणं थांबलं. "अन् म्या त्या जळगावच्या पावन्याइले…" म्हणला, अन् तोंड फिरवून ओट्यावरून उतरला. हमीदभाई चहा अर्धा ठेवून उठला अन् घरी गेला. दोन दिवस ओट्यावर मी एकटाच होतो.

निलेश बहिणीइले फोन करे, मले नाही. मंग एका रविवारी माहा मोबाईल वाजला. हॅलो नाही, कसे हाय नाही. "बेअरिंगले ग्रीस दिलं का?"

"दिलं."

"पट्टा?"

"बरा हाय."

"दगड?"

"गुणगुणते," मी म्हणलो.

थोडा वेळ तिकडून मशीनीइचा आवाज येत राह्यला. मोठा कारखाना असावा. "बरं," म्हणला, अन् ठेवला. आता दर रविवारी वाजते. गिरणीचंच बोलतो आम्ही. मागच्या बारी त्यानं स्वतःहून सांगितलं, की तिथल्या एका जुन्या मशीनीची बिमारी त्याले नुसत्या आवाजावरून कळली. मायचे कान आले त्याच्यात.

हमीदभाई तिसऱ्या दिवशी परत आला होता. एकटा नाही, संगं त्याची नात, ती मोठी, बारावीनंतर काही कम्पुटरचं शिकलेली. ओट्याखाली उभी राह्यली, ओढणी सावरत. हमीदभाईनं माह्याकडं पाह्यलं नाही, गिरणीकडं पाह्यलं.

"हिचा इंटरव्यू हाय मोबाईलवर. तुह्या खोलीत रेंज येते म्हनते."

मी खिडकी उघडून दिली. तांदळाचा डबा पुसून जागेवर ठेवला. तवापासून गावातले पोरं-पोरी येत राहतात. कोणी सांगून, कोणी नुसतं दाराशी उभं राहून. कोणाले लागते, कोणाले नाही लागत. नाही लागलं त्याइले मी काही म्हणत नाही. पाणी देतो.

आताही एक आत हाय, सुताराची पोरगी. म्हणून तं मले बसून लिहायले वेळ मिळाला. ओट्यावर शांताबाई डबा घेऊन बसली हाय, कुरकुर करून राह्यली. रामकिसन मोठ्यानं काही सांगायले लागला, तं हमीदभाईनं त्याच्या मांडीवर चापट मारली.

भिंतीपलीकडून आवाज येऊन राह्यला. इंग्रजी हाय. मले समजत नाही. मधात एकदा फादर म्हणली.

गिरणी बंद हाय.